हात खिशात

“हात खिशात.”

मिस्त्रींच्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी हे दोन शब्द ऐकावे लागत. नमस्कार नाही, या-बसा नाही. मोटारसायकल स्टँडवर उभी, मिस्त्री तिच्यासमोर लाकडी पाटावर बसलेले, आणि येणाऱ्याची नुसती सावली गाडीवर पडली की मान वर न करता ते म्हणायचे, “हात खिशात.” येणारा वकील असो, संत्र्यांचा व्यापारी असो की फौजदार, हात खिशात गेल्याशिवाय पुढचं बोलणं होत नसे. एकदा बेलबॉटम घातलेला, एका लाकूडव्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, “मिस्त्री, पँट टाइट आहे. हात जात नाही.”

“मंग मांगं बांधा.”

आणि त्याने खरोखर हात पाठीमागे बांधले.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा मी ते चुकीच्या जागी घेतलं होतं. तेवढं पुरे.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. लकडगंजात दोन आरा मशिनींच्या मध्ये त्यांची टिनाची शेड होती. दोन्ही बाजूंनी दिवसभर लाकूड चिरलं जायचं आणि भुसा उडायचा. करवत सुरू झाली की मिस्त्री उघड्या कार्बोरेटरवर ओलं फडकं टाकायचे आणि भिंतीपलीकडच्या मालकाला शिव्या द्यायचे. हे भांडण म्हणे वीस वर्षं चाललं होतं. संध्याकाळी हाताचं ऑइल काढायला मात्र त्याच्याचकडचा भुसा लागायचा. घमेलं भरून आणायचे, हात चोळायचे आणि चोळता चोळता पुन्हा त्यालाच शिव्या द्यायचे.

ते फक्त जुन्या विलायती गाड्यांचं काम करत. इंग्रजांनी मागे सोडलेल्या, लष्कराच्या लिलावात निघालेल्या, कुठे गोठ्यात कुठे गोदामात कुजत पडलेल्या. तरुणपणी कामठीला लष्कराच्या वर्कशॉपात ते झाडू मारायला लागले आणि दहा वर्षांनी तिथल्या मोटारसायकलींना त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं, असं ते स्वतःच सांगायचे. या गाड्यांचे भाग बाजारात मिळत नसत. दांड्याभोवतीचा बुश घासला असेल तर पितळेचा तुकडा घेऊन लेथवाल्याकडे जायचं आणि तो काम करेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभं राहायचं. इंजिनाचा आवाज ते कानाने ऐकत नसत. सागाची एक वीतभर काडी होती. तिचं एक टोक इंजिनाला टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. “कानाले फसवता येते,” ते म्हणायचे, “दाताले नाही.”

अशा माणसाबद्दल लिहिताना वरून काटेरी, आतून गोड असं लिहिण्याचा मोह होतो. तुम्हीही तशी माणसं पाहिली असतील. मिस्त्री तसे नव्हते. ते आतूनही रागीट होते. पान्याला पाइप लावून नट आवळणाऱ्यांचा त्यांना राग होता. चांगल्या रंगावर रंग चढवणाऱ्यांचा राग होता. जुनी गाडी दिवाणखान्यात ठेवणाऱ्यांचा तर भयंकर. “चालवाची नाही तं घेतली काहून? बायको हाये का शोकेसात ठेवाले?” एवढं बोलून ते त्या माणसाचं काम नाकारायचे.

मी भौतिकशास्त्राचा अधिव्याख्याता होतो. तिसावं लागलं नव्हतं, नोकरी कायम झाली नव्हती. नरखेड तालुक्यात एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो असताना एका संत्रा बागाइतदाराच्या विहिरीवरच्या खोलीत, फळांच्या रिकाम्या पेट्यांखाली, मला ती गाडी दिसली. त्याच्या वडिलांची होती. वडील गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मी ती मागून घेतली, बैलगाडीत आणि मग ट्रकवर घालून लकडगंजात आणली.

मिस्त्री तिच्याभोवती दोनदा फिरले. टाकीत उंदरांनी घर केलं होतं. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, “हिले मारलं नाही कोनं. हे आपल्या आपनच झोपली.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात हळुवार वाक्य हेच.

मग त्यांनी त्यांचा नेम केला. इंजिनाच्या खालच्या पेटीवर, सिलिंडरच्या बुडाशी, नंबर ठोकलेला असतो. तिथली माती लुगड्याच्या चिंधीने पुसली, वहीतला पातळ कागद त्यावर धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. काळ्या शिशात पांढरे आकडे उमटले. शेवटचा सात जरा वाकडा होता. विलायतेतल्या कुण्या कामगाराचा हात हलला असणार. असाच छाप त्यांनी चासीच्या नंबराचा घेतला, खाली तारीख आणि सही केली. हा कागद त्यांच्या वहीत राहायचा. काम संपून गाडी निघाली की पुन्हा तसाच दुसरा छाप, आणि तो काढलेल्या जुन्या भागांबरोबर गठुड्यात बांधून मालकाला द्यायचा. गाडी आली तसा एक कागद, गाडी गेली तसा एक.

“याची काय गरज?” मी विचारलं.

“परफेसर, पुलीस तुमच्या घरी इचारून येते. आमच्या घरी आल्यावर इचारते.”

मी हसलो. मला वाटलं, छान बोलले.

दीड वर्ष काम चाललं. मी रोज कॉलेजातून थेट शेडमध्ये जायचो, हात खिशात घालून उभा राहायचो. मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचो आणि स्वतःच्या या मोठेपणावर मनातून खूश असायचो. हळूहळू मला बरंच कळायला लागलं. मित्रांमध्ये मी व्हॉल्व्हच्या वेळांबद्दल, ठिणगी किती आधी पडावी याबद्दल तासभर बोलायचो. एकदा धीर करून मिस्त्रींना विचारलं, “हे हात खिशात काय प्रकरण आहे?”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या काचेवर भुसा बसला होता. मग म्हणाले, “आमचा बाप जो दिसंल त्याच्यापुढं हात जोडे. पाटलापुढं, कारकुनापुढं, सोजरापुढं. छप्पन साली दीक्षा घेतली, तवा घरी येऊन त्यानं सांगतलं, आता हात जोडाचे नाही. मी म्हनलं, मंग कराचं काय हाताचं? त्याले काही सुचलं नाही. म्हने, काम असलं तं कामावर ठेव, नाही तं खिशात ठेव.” त्यांनी पाना उचलला. “मी म्हनलं, सारेच ठेवा मंग. एकट्यानं काहून?”

गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी मिस्त्रींनी काडी दातांत धरली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसले. मग काडी माझ्याकडे दिली. ती दातांत धरल्यावर माझ्या कवटीत जे वाजलं, ते मी अजून विसरलो नाही.

ती काडी त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं समजायला ते लागेल.

त्या हिवाळ्यात शहरातल्या हौशी लोकांनी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठरवलं. मला माझी गाडी सगळ्यांत उठून दिसायला हवी होती. टाकी, चाकं, दिवा सगळं सुंदर होतं, पण इंजिनाची पेटी राखाडी, खरखरीत. मिस्त्रींना म्हटलं, “हिला चमकवा ना.”

“इंजिनाचा आरसा नाही करत मी.”

“नुसती पेटी.”

“हात खिशात ठेवा, परफेसर. झालं तिचं.”

दुसरा छाप घेऊन त्यांनी गाडी आणि गठुडं माझ्या हवाली केलं. दिवाळीची सुट्टी होती. मी घरी अंगणात गाडी उभी केली, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली बारीक कानस आणि एमरी पेपर आणला आणि चार दुपारी पेटी घासत बसलो. धातू खालून चांदीसारखा निघत होता. नंबर होता तिथला उंचवटा ओबडधोबड दिसत होता, आणि तो वाकडा सात. घासताना आकडे पुसट होताना मला दिसत होते. नव्हते दिसत असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. दिसत होते. मला वाटलं, चासीवर नंबर आहेच की. चौथ्या दुपारी तिथे गुळगुळीत, सुंदर, कोरी जागा झाली.

प्रदर्शनाच्या मैदानावर दोरी लावली होती. आत मालक आणि त्यांच्या बायका-मुली, बाहेर लोक. आतल्या अकरा मोटारसायकलींपैकी सहा मिस्त्रींच्या हातच्या होत्या आणि मिस्त्री दोरीबाहेर उभे होते, धुतलेला शर्ट, हात खिशात. माझ्या गाडीकडे त्यांनी लांबून पाहिलं आणि दोरीखालून वाकून सरळ आत आले. खाली बसले. अंगठा त्या कोऱ्या जागेवरून फिरवला.

“कोनं घासलं हे?”

“मीच. चार दिवस लागले. कशी चमकते?”

“नंबर कुठी हाये?”

“चासीवर आहे ना.”

“इंजिनाचा इचारून राहिलो मी.” ते उठले. आवाज चढलेला नव्हता. “सरकारी बुकात इंजिनाचा नंबर लिवला हाये. आता बुकातली गाडी येगळी अन् हे येगळी. एवढा शिकलेला मानूस तुमी. हिचं नाव पुसून टाकलं.”

छातीला फीत लावलेला एक स्वयंसेवक आला. “मिस्त्री लोक दोरीच्या बाहेर थांबा.” मी काही बोललो नाही. मिस्त्रींनी हात खिशात घातले. जाता जाता म्हणाले, “गठुड्यातला तो कागद सांभाळा. आता तेवढाच पुरावा हाये. अन् गाडी नावावर कराले जासान तवा साहेबाले पहिलेच सांगून द्या, मी घासला, चुकी झाली. चुकीले फाशी नाही होत.”

त्या दिवशी मला बक्षीस मिळालं. एक कप. तो मी फेकला नाही, हेही लिहून ठेवतो.

गाडी अजून बागाइतदाराच्या वडिलांच्याच नावावर होती. ती माझ्या नावावर करायला परिवहन कार्यालयात नेली. तपासणारे साहेब वाकले, टॉर्च मारला, रजिस्ट्रेशन बुक पाहिलं, पुन्हा टॉर्च मारला. त्या वर्षी शहरातून मोटारसायकली चोरीला जात होत्या आणि नंबर घासून विकल्या जात होत्या. साहेब उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, “नंबर कुणी काढला?”

माझी नोकरी कायम व्हायची फाइल त्याच महिन्यात निघणार होती. कॉलेजचे सचिव, पोलीस, वर्तमानपत्रातली ओळ, सगळं एका क्षणात दिसलं. मी म्हणालो, “इंजिनाचं सगळं काम लकडगंजच्या एका मिस्त्रीकडे झालंय.” आणि नाव सांगितलं.

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तेवढीच हुशारी मी आयुष्यात केली.

त्याच दुपारी त्यांना उचललं. शेडमधल्या सातही गाड्या पोलीस घेऊन गेले. मिस्त्रींच्या वहीत माझ्या गाडीचा पहिला छाप होता. पोलीस म्हणाले, याचा अर्थ गाडी आली तेव्हा नंबर होता आणि तुझ्याकडे गेला. मिस्त्री सांगत राहिले, दुसरा कागद परफेसरकडे आहे, गाडी गेली तेव्हाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको माझ्या फाटकाशी आली. तिला मी एक-दोनदा शेडमध्ये डबा घेऊन येताना पाहिलं होतं.

“सर, तो कागद तेवढा द्या ना. त्यायनं सांगतलं, गठुड्यात हाये म्हने.”

“शोधतो,” मी म्हणालो. “पसारा आहे घरात.”

“मी थांबतो इथीसाच.”

“नको. सापडला की मीच आणून देतो.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने हात जोडले. त्या घरात हात जोडायचे नाहीत, हे मला ठाऊक होतं. गठुडं माझ्या पलंगाखाली होतं. मी फाटक लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मला ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली. मिस्त्री भिंतीशी उभे होते. चेहऱ्यावर माराची खूण नव्हती. उजव्या हाताला शर्टाची चिंधी गुंडाळलेली, आणि तो हात तसाच खिशात कोंबलेला. एक हवालदार कौतुकाने सांगू लागला, “याची मस्ती पाहा साहेब. तीन दिवस झाले, हात बाहेर काढ म्हनतो तं काढत नाही. काढाले लावला मंग.”

फौजदारांनी मला विचारलं, “प्राध्यापक साहेब, हा म्हणतो नंबर तुम्ही घासला. असा काही कागद आहे का तुमच्याकडे?”

मिस्त्री माझ्याकडे पाहत होते. विनवणी नव्हती त्यात, नुसती घाई होती. एखादा नट सैल झालाय आणि मी पाना द्यायला उशीर करतोय, अशी.

“बोला ना, परफेसर.”

मी म्हणालो, “असा कागद आठवत नाही. मला मशीनमधलं काही कळत नाही.”

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. पुढे त्यांनी एक शब्द काढला नाही, ना माझ्याबद्दल, ना कागदाबद्दल.

संध्याकाळी नरखेडहून तो बागाइतदार आला. गाडी आमची, बाबांची, आम्हीच प्राध्यापकांना दिली, असं त्याने सांगितलं. गाडी चोरीची नव्हती, म्हणून मिस्त्रींना सोडलं. मी फसवला गेलेला ग्राहक ठरलो. फौजदारांनी मला पुढच्या वेळी चांगला मेकॅनिक पाहा असा सल्ला दिला. कुणीही, अगदी कुणीही, मला विचारलं नाही की प्रदर्शनाच्या दिवशी ती पेटी चमकत कशी होती. तिथे आलेल्या अर्ध्या शहराने माझी चार दुपारींची फुशारकी ऐकली होती. तेही गप्प बसले. या शहरावरचा माझा राग तेव्हापासून आहे, पण त्याचं काय करावं हे मला कळत नाही, कारण सगळ्यांत पुढे गप्प मीच बसलो होतो.

गाड्या परत आल्या तेव्हा कशाचा दिवा नव्हता, कशाचं ठिणगी पाडणारं मॅग्नेटो. मालकांनी आपापल्या गाड्या नेल्या. नंबर घासणारा मिस्त्री म्हणून नाव झालं होतं. आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. पाना धरता येत नव्हता. वर्षाच्या आत शेडमध्ये आरा मशीनवाल्याने लाकडं रचली. वीस वर्षं शिव्या खाल्लेल्या त्या माणसाने मला एकदा रस्त्यात थांबवून विचारलं, “मिस्त्री कुठी हाये, काही समजलं का जी?” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नाही म्हणालो.

नोकरी कायम झाली की ठाण्यात जाऊन सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. कायम झालो. मग लग्न होतं. मग मुलगी झाली. चार वर्षं गेली. शेवटी एका सकाळी मी लिहिलेला जबाब घेऊन ठाण्यात गेलो. नवे फौजदार होते. त्यांनी वाचलं, फाइल बंद आहे म्हणाले, आणि चहा मागवला.

मिस्त्री कळमेश्वरला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर चौकीदार आहेत, हे चौकशी केल्यावर कळलं. बस पकडून गेलो. दुपारची पाळी सुटत होती. खाकी शर्टात ते बारीक दिसत होते. मला त्यांनी लगेच ओळखलं.

मी गठुड्यातला कागद पुढे केला. शिसं पुसटलं होतं, तरी आकडे दिसत होते. वाकडा सातही.

“मी ठाण्यात सगळं लिहून दिलं, मिस्त्री. मीच घासला म्हणून.”

“काय म्हने मंग ते?”

“फाइल बंद आहे म्हणाले.” आणि मी, का कोण जाणे, खरं ते सगळं सांगितलं. “चहा दिला.”

“तुमाले चहा पाजला,” ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, “चहा पाजला.”

“हा कागद तुमच्याकडे राहू द्या. मला रात्री झोप येत नाही.”

“मंग तुमच्या झोपीसाठी आनला तुमी हा. माह्यासाठी नाही.” पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “चार साल झोपून राहिले होते का? मले ज्या दिवशी पायजे होता, त्या दिवशी पलंगाखाली होता. मले तवाच ठाव होतं पलंगाखाली हाये म्हून. बायकोले मी म्हनलं, तो देत नाही, जाऊ नको. ते गेली. हात जोडून आली. माह्या घरातले हात जोडाले लावले तुमी.”

मी म्हणालो, “मला माफ करा.”

“नाही.”

एवढंच. मी आजवर पुष्कळ लोकांकडून ऐकलंय की अशी माणसं शेवटी माफ करतात. त्यांनी केलं नाही. काही वर्षांनी ते गेले, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तोवर कित्येक महिने उलटून गेले होते. गाडी माझ्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. तिची कोरी जागा काळवंडली आहे. मी ती पुन्हा सुरू केलेली नाही.

पण मला थांबायचंय ते त्या गेटवरच. मी कागद धरून उभा होतो, तेवढ्यात बाहेर ट्रकने हॉर्न दिला. गेट लोखंडी, रुळावर सरकणारं, जड. मिस्त्रींनी उजवा हात खिशातच ठेवला आणि खांदा लावून ते ढकलायला लागले. रुळात खडा अडकला असावा. गेट हलेना. खांदा घसरला, त्यांनी पुन्हा लावला. मी पुढे झालो आणि गेटाला हात लावला.

त्यांनी मान वर केली नाही.

“हात खिशात,” ते म्हणाले.